ई-बस, इथेनॉल, नेट झिरो: संसदेच्या समितीपुढं कोल्हापुरातून आपलं म्हणणं कसं मांडायचं

कोल्हापुरात एखाद्या प्रश्नावर आवाज उठवायचा म्हटलं की वाट ठरलेली असते. दसरा चौकात जमायचं, जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा न्यायचा, निवेदन द्यायचं, निवेदन देतानाचा फोटो काढायचा आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी बघायची. टोलचं आंदोलन याच वाटेनं गेलं आणि २०१५ च्या अखेरीस टोल गेला. तेव्हा ही वाट कुचकामी आहे असं कुणी म्हणू नये. पण काही निर्णय मोर्चाच्या टप्प्यात येतच नाहीत. ई-बसला केंद्राचा पैसा कोणत्या अटींवर मिळणार, चार्जिंग स्टेशनचे नियम काय असणार, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला यंदा परवानगी आहे की नाही, हे सगळं दिल्लीत ठरतं. ठरवणाऱ्या मंत्रालयांना खोदून प्रश्न विचारण्याचं काम संसदेच्या समित्या करतात, आणि या समित्या अधूनमधून जाहीर नोटीस काढून नागरिकांकडून लेखी सूचना मागवतात. पद, पदवी, संस्था काही लागत नाही.

आम्ही काही बसप्रवासी आणि सायकलवाले मिळून या वाटेनं गेलो. माहिती दहा ठिकाणी विखुरलेली आहे, बरीचशी सरकारी इंग्रजीत आहे. नव्यानं करू बघणाऱ्याचा वेळ वाचावा म्हणून क्रमानं लिहितो. "दिल्लीला कागद धाडून काय हुतंय?" हा प्रश्न उद्यमनगरातल्या एका मित्रानं पहिल्याच दिवशी विचारला होता. त्याचं उत्तरही ओघात येईल.

आधी एवढं माहीत हवं

महापालिकेत टेंडर मंजूर करते ती स्थायी समिती वेगळी. इथं आपण संसदेच्या विभागवार स्थायी समित्यांबद्दल बोलतोय. १९९३ मध्ये अशा १७ समित्या सुरू झाल्या, २००४ पासून त्या २४ आहेत. प्रत्येकीत ३१ खासदार: २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. सगळ्या पक्षांचे असतात. मंत्र्याला सदस्य होता येत नाही, कारण ज्याला जाब विचारायचा तोच विचारणाऱ्यांत बसला तर काय उपयोग.

मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या तपासणं, सोपवलेली विधेयकं बारकाईनं बघणं, वार्षिक अहवाल आणि दीर्घकालीन धोरणं तपासणं ही त्यांची कामं. रोजच्या कारभारात त्या पडत नाहीत. बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरे नसतात. म्हणूनच की काय, सभागृहात एकमेकांवर ओरडणारे खासदार इथं बऱ्यापैकी शांतपणे काम करतात.

शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. मात्र अहवाल मांडल्यावर साधारण तीन महिन्यांत सरकारला प्रत्येक शिफारशीवर लेखी उत्तर द्यावं लागतं: मान्य, अमान्य, अमान्य असेल तर का. मित्राला मी हेच सांगितलं. आपला मुद्दा शिफारशीत शिरला, तर मंत्रालयाला त्यावर कागदोपत्री बोलावं लागतं. शंभर निवेदनांतून जे मिळत नाही ते इथं एका ओळीतून मिळू शकतं.

१. मुद्दा कोणत्या समितीचा, ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त माणसं इथंच अडकतात, म्हणून इथं थोडं थांबतो.

'शाश्वत वाहतूक' किंवा 'नेट झिरो' नावाची समिती नाही. भारतानं २०७० पर्यंत नेट झिरो (जेवढा कार्बन हवेत सोडायचा तेवढाच शोषून घ्यायचा) गाठण्याची घोषणा नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत केली. ते गाठायचं काम मात्र आठ-दहा मंत्रालयांत वाटलं गेलंय आणि त्यानुसार समित्याही वेगवेगळ्या आहेत. कोल्हापूरच्या नजरेनं वाटणी अशी:

- परिवहन, पर्यटन व संस्कृती समिती: राष्ट्रीय महामार्ग, वाहनांचे प्रदूषण-निकष, जुनी वाहनं भंगारात काढण्याचं धोरण. महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडतो, तो विषय इथला.
- उद्योग समिती: अवजड उद्योग मंत्रालय हिच्याकडं, म्हणजे ई-वाहनांच्या अनुदानाच्या योजना. आधीची 'फेम' आणि ऑक्टोबर २०२४ पासूनची १०,९०० कोटींची 'पीएम ई-ड्राइव्ह' इथं येतात.
- गृहनिर्माण व नगरविकास समिती: शहरातली बससेवा. १०,००० ई-बसची 'पीएम ई-बस सेवा' योजना (ऑगस्ट २०२३) याच मंत्रालयाची.
- ऊर्जा समिती: चार्जिंग स्टेशनची मार्गदर्शक तत्त्वं, सौर आणि पवन ऊर्जा.
- पेट्रोलियम समिती: पेट्रोलमधलं इथेनॉल मिश्रण.
- अन्न व ग्राहक व्यवहार समिती: साखर. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध आले, तो आदेश पेट्रोलियमचा नव्हे, अन्न खात्याचा होता.
- रेल्वे समिती: कोल्हापूर–वैभववाडी मार्ग, विद्युतीकरण, मालवाहतूक रेल्वेकडं वळवणं.
- विज्ञान-तंत्रज्ञान, पर्यावरण व हवामान बदल समिती: देशाची हवामान उद्दिष्टं आणि राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम. या कार्यक्रमाच्या शहरांच्या यादीत कोल्हापूर आहे, हे आपल्याकडं फार कमी लोकांना ठाऊक असतं.

यांपैकी परिवहन, उद्योग आणि पर्यावरण या समित्यांचं कामकाज राज्यसभा सचिवालय बघतं, बाकीच्यांचं लोकसभा सचिवालय. पत्ता आणि ईमेल त्यावर ठरतो.

एक नमुना घ्या. "केंद्र ई-बस देतंय, मग आमच्या शहराला मोठ्या शहरांसारख्या का नाहीत?" असं लिहून उद्योग समितीला पाठवलं, तर कागद वाया गेला. पीएम ई-ड्राइव्हमधल्या बस ४० लाखांवर लोकसंख्या असलेल्या नऊ महानगरांसाठी आहेत. २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आसपास असलेलं कोल्हापूर त्यात बसतच नाही. आपल्यासारख्या शहरांसाठी आहे ती पीएम ई-बस सेवा. म्हणजे मंत्रालय वेगळं, समिती वेगळी आणि प्रश्नही वेगळा.

याच्याही आधीची एक चाळणी आहे: विषय दिल्लीचा आहे का? केएमटीची, म्हणजे महापालिकेच्या बससेवेची, गाडी गंगावेशला वेळेवर येत नाही हा महापालिकेचा विषय. एसटीचं भाडं आणि वाहनकर राज्याचा. वीजदर राज्य वीज नियामक आयोगाचा. राज्याच्या विषयांसाठी विधिमंडळाच्या समित्या आहेत, त्यात एक विनंती अर्ज समितीही आहे. मात्र एकच प्रश्न दोन्हीकडं नेता येतो, मांडणी तेवढी बदलावी लागते. गाडी उशिरा येते ही तक्रार झाली. केंद्राच्या योजनेतलं साहाय्य कशावर मोजलं जातं आणि त्यामुळं बस कशा धावतात, हे धोरण झालं. समिती दुसरं ऐकते.

२. नोटीस कुठं आणि कधी बघायची

समित्या आजवर दरवर्षी साधारण सप्टेंबरच्या आसपास नव्यानं गठित होत आल्या आहेत. त्यानंतर वर्षभरासाठी विषय निवडले जातात आणि ही यादी संसदेच्या संकेतस्थळावर, संसद डॉट इन वर, समितीच्या पानावर दिसते. नोटिशीची वाट बघत बसू नका, ही यादीच बघा. आपला विषय त्यात दिसला की नोटीस येण्याची शक्यता धरून तयारीला लागायचं.

कारण नोटीस आली की मुदत बहुतेक वेळा पंधरा दिवसांची असते. ती राष्ट्रीय इंग्रजी-हिंदी पेपरांत छापून येते, आपल्या घरी येणाऱ्या पेपरात येईलच असं नाही. महिन्यातून दोनदा संकेतस्थळ उघडायचं काम गटातल्या एकाकडं देऊन टाका. सगळ्यांवर सोपवलं की कुणीच बघत नाही.

अर्थसंकल्प मांडल्यावर मधल्या सुट्टीत समित्या खर्चाच्या मागण्या तपासण्यात गुंतलेल्या असतात. त्या काळात नवीन विषयाची हालचाल कमी असते.

नोटीस नसतानाही समितीला पत्र पाठवता येतं, पण त्याची दखल घेतली जाईलच असं नाही. आपल्या खासदारांच्या कार्यालयात जाऊन ते कोणत्या समितीवर आहेत एवढं मात्र विचारून या. कोल्हापूर आणि हातकणंगले, दोन्हीकडं. आपला खासदार हव्या त्या समितीवर नसला तरी बिघडत नाही, दुसऱ्या जिल्ह्याच्या सदस्यालाही पत्र लिहिता येतं.

३. आकडे आधीच जमवून ठेवा

माहिती अधिकारात उत्तराची मुदत ३० दिवस आणि समितीची नोटीस १५ दिवसांची. नोटीस आल्यावर माहिती अधिकाराचा अर्ज टाकला तर उत्तर येईपर्यंत गाडी सुटलेली असते. अर्ज चार-सहा महिने आधीच टाकून ठेवा.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला की झालं. "बससेवेबद्दल सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका. विचारायचं ते मोजून: मार्गावरच्या बस किती, रोजचे एकूण किलोमीटर किती, डिझेल किती लिटर, प्रवासी किती, आणि हे सगळं मागच्या तीन वर्षांचं, वर्षनिहाय.

अर्ज न करता मिळणाऱ्या गोष्टीही बऱ्याच आहेत. महापालिकेला दरवर्षी पर्यावरण स्थितीदर्शक अहवाल काढावा लागतो, त्यात वाहनसंख्या आणि हवेच्या मोजण्या असतात. केंद्राच्या वाहन पोर्टलवर एमएच-०९ (कोल्हापूरचा क्रमांक) निवडलं की कोणत्या इंधनाची किती वाहनं नोंदली गेली ते वर्षनिहाय दिसतं. पेट्रोल, डिझेल, सीएनजी, इलेक्ट्रिक असे रकाने वेगळे असतात. योजनांच्या मूळ मार्गदर्शक सूचना मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असतात. त्या वाचल्याशिवाय योजनेवर एक ओळही लिहू नका, बातमीवर विसंबून तर मुळीच नको.

आणि एक आकडा स्वतः मोजा. पहिली पाळी सुरू होण्याआधी तावडे हॉटेलच्या चौकात उभं राहायचं आणि शिरोली एमआयडीसीकडं जाणाऱ्या दुचाकी मोजायच्या. वहीत चार रकाने पाडा: दुचाकीवर एकटा, दुचाकीवर दोघं, कंपनीची बस, केएमटी किंवा एसटी. दर पंधरा मिनिटांनी खाली रेघ मारायची. थंडीत कानटोपी घालून, हँडलला डबा अडकवून जाणाऱ्यांची रांग इतकी सलग असते की एकट्यानं मोजणं होत नाही. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं खुणा करायच्या. तारीख, वार, वेळ, जागा आणि मोजणाऱ्यांची नावं त्याच पानावर लिहून ठेवा. मंत्रालयाकडं देशाचे आकडे ढिगानं असतात. फौंड्रीच्या कामगारानं बस का सोडली, हा आकडा त्यांच्याकडं नसतो. निवेदनाला वजन येतं ते यामुळं.

४. गणित करून बघा, ते सोपं आहे आणि डोळे उघडणारं आहे

नेट झिरोवर लिहायचं तर कार्बनचा हिशोब जमायलाच हवा. तीन आकडे पुरतात. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, एक लिटर पेट्रोलला सुमारे २.३ किलो, आणि ग्रिडच्या, म्हणजे देशाच्या वीजजाळ्यातल्या, एका युनिट विजेमागं सध्या सुमारे ०.७ किलो. शेवटचा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण वेळोवेळी जाहीर करतं, ताजा तोच घ्या.

समजा डिझेल बस लिटरला ४ किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरमागं ०.६७ किलो. समजा ई-बसला किलोमीटरला १ युनिट लागतं. म्हणजे ०.७ किलो. दोन्ही जवळपास सारखेच! "ई-बस म्हणजे शून्य उत्सर्जन" असं बिनधास्त लिहून पाठवलं, तर समितीच्या मदतीला असलेले अधिकारी तिथंच पेन ठेवतील. गंगावेशच्या चौकात धूर येत नाही, हा फायदा खराच आणि तो लिहायलाच हवा. पण धूर वीज केंद्राच्या चिमणीकडं सरकलेला असतो. ग्रिडमध्ये सौर-पवन वाढेल तसा ई-बसचा हिशोब सुधारत जाईल, डिझेलचा तसाच राहील. म्हणून नुसत्या बस मागू नका. डेपोच्या छतावर सौर पॅनेल आणि दिवसा उन्हाच्या वेळेत चार्जिंग, या अटी योजनेत घाला म्हणून मागा.

आता दुचाकी. ४५ चं ॲव्हरेज देणारी गाडी किलोमीटरला ५१ ग्रॅम सोडते. ४० माणसं बसलेली डिझेल बस माणशी १७ ग्रॅम. त्याच बसमध्ये दहाच माणसं असतील तर माणशी ६७ ग्रॅम, म्हणजे दुचाकीवर एकटं जाणाऱ्यापेक्षाही वाईट. इंजिन कसलं यापेक्षा बस भरलेली आहे का, हा प्रश्न मोठा ठरतो. माझ्या मते आपल्या आकाराच्या शहरांनी समित्यांना सांगायचं ते हेच. योजना बस मोजतात, किलोमीटर मोजतात, माणसं मोजत नाहीत.

५. निवेदन लिहिणं

आपल्याला सवय असते ती अशी: "कोल्हापूर ही छत्रपती शाहू महाराजांची पुरोगामी नगरी असून येथील प्रदूषणाची समस्या उग्र बनली आहे. तरी शासनाने त्वरित दखल घ्यावी, ही नम्र विनंती." यात समितीला उचलता येण्यासारखा एक शब्द नाही. शाहू महाराजांबद्दल कुणाचं दुमत नाही, पण त्यांना कशाला मध्ये ओढायचं.

आमचं खरं निवेदन इथं छापता येत नाही, का ते पुढं सांगतो. नमुन्यासाठी हा परिच्छेद रचलाय:

*"पीएम ई-बस सेवा योजनेत केंद्राचे साहाय्य बसने कापलेल्या किलोमीटरवर मिळते. बसमधील प्रवासीसंख्येचा त्यात विचार नाही. त्यामुळे रिकामी बस आणि भरलेली बस यांना सारखेच साहाय्य मिळते. शिरोली औद्योगिक वसाहतीकडे सकाळच्या पाळीला जाणारे बहुसंख्य कामगार दुचाकीवर एकटे जातात (मोजणी परिशिष्ट १). शिफारस: साहाय्याचा काही भाग प्रवासीसंख्येशी जोडावा आणि औद्योगिक वसाहतींच्या पाळ्यांच्या वेळेतील फेऱ्यांसाठी स्वतंत्र निकष ठेवावा."*

योजनेचं नाव, नेमका नियम, त्याचा जमिनीवरचा परिणाम, पुरावा, आणि 'शिफारस' म्हणून जसंच्या तसं अहवालात घेता येईल असं वाक्य. प्रत्येक मुद्दा याच क्रमानं. परिच्छेदांना आकडे द्या, म्हणजे समितीला "परिच्छेद ४ पाहा" म्हणता येतं. पहिल्या पानावर तुम्ही कोण आणि तुमच्या शिफारशी चार-पाच ओळींत. सगळं मिळून पाच-सहा पानं, परिशिष्टं वेगळी. मुद्दे तीन, फार तर चार. दहा मुद्दे पाठवले की त्यातला एकही कुणाच्या लक्षात राहत नाही.

भाषा: नोटीस सहसा इंग्रजी किंवा हिंदीत निवेदन मागते. तरी पहिला खर्डा मराठीतच लिहा, मग हिंदी किंवा इंग्रजी करा. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की माणूस मुद्दा सोडून इंग्रजीशीच झुंजत बसतो. गावात इंग्रजी शिकवणारे प्राध्यापक काही कमी नाहीत, चहावर काम होतं.

टाळायचं ते:

- कोर्टात चालू असलेला विषय.
- अधिकाऱ्याचं किंवा ठेकेदाराचं नाव घेऊन आरोप. त्यासाठी दुसरी दारं आहेत.
- पक्षाचं लेटरहेड. समितीत सगळे पक्ष असतात, तुम्ही एका कागदानं निम्म्या खासदारांना सावध करून ठेवता.
- एकाच मजकुरावर शेकडो सह्या. मोर्चाला गर्दी लागते, इथं ती रद्दी होते. एकाच गटाची तीन माणसं तीन वेगळ्या मुद्द्यांवर लिहितील तर ते जास्त चांगलं.

६. पाकिटात काय काय हवं

- जोडपत्र: समितीचं नाव, विषय नोटिशीत आहे शब्दशः तसाच, नोटिशीची तारीख, तुमचं नाव, पत्ता, फोन, ईमेल.
- निवेदन, पानांवर क्रमांक घालून. प्रती नोटिशीत सांगितल्या असतील तितक्या, बहुधा दोन.
- परिशिष्टं: मोजणीचा तक्ता, माहिती अधिकारातली उत्तरं, नकाशा. फोटो दोन-तीनच, प्रत्येकाखाली जागा आणि तारीख.
- संस्थेच्या नावानं पाठवत असाल तर नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि ठरावाची प्रत. नोटिशीत मागितली नसली तरी जोडा.
- समितीपुढं प्रत्यक्ष बोलायची तयारी असेल तर तसं स्पष्ट वाक्य. ते लिहिलं नाही तर तुमचा विचारच होत नाही. लिहिलं म्हणजे बोलावणं येतंच असंही नाही, तो निर्णय समितीचा.

आधार कार्ड, प्रतिज्ञापत्र, नोटरी असलं काही लागत नाही. कुणी "फाइल पुढं सरकवून देतो" म्हणत पैसे मागितले तर सरळ वाटेला लावा. याला फी नाही आणि एजंटही नाही.

ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्ही करा. पत्ता नोटिशीतलाच घ्या. ईमेलला मजकूर निवडता येईल अशी पीडीएफ जोडा. मोबाइलवर काढलेले पानांचे तिरके फोटो पाठवू नका. पोस्टाची पावती आणि पाठवलेल्या निवेदनाची प्रत जपून ठेवा.

७. पाठवल्यावर तोंड बंद

कोल्हापूरकराला सगळ्यात जड जाणारी पायरी. निवेदन एकदा समितीला दिलं की ते समितीच्या दप्तराचा भाग होतं, गोपनीय धरलं जातं आणि त्याला समितीच्या विशेषाधिकारांचं संरक्षण असतं. नोटिशीतच तसं छापलेलं असतं, लोक ती ओळ वाचत नाहीत. म्हणजे निवेदनाचा फोटो व्हॉट्सॲपवर नाही, पत्रकार परिषद नाही, फेसबुकवर पीडीएफ नाही. अहवाल संसदेत मांडला जाईपर्यंत आतला मजकूर बाहेर देणं विशेषाधिकारभंग, म्हणजे संसदेच्या खास हक्कांचा भंग, ठरू शकतं.

"मग आम्ही काही केलं हे लोकांना कळणार कसं?" असा प्रश्न गटात हमखास येतो. विषयावर बोलायला बंदी नाही. मोजणीचे आकडे, माहिती अधिकारातली उत्तरं ही तुमची स्वतःची माहिती आहे. ती निवेदन देण्याआधीच लेख लिहून, बैठक घेऊन लोकांपुढं मांडा. समितीला दिलेला कागद म्हणून तो कागद दाखवायचा नाही, एवढंच पथ्य. गटात उत्साही फोटोवाला असेल तर त्याला ही ओळ दोनदा वाचून दाखवा.

८. बोलावणं आलं तर

क्वचित येतं. आलं तर दिल्लीत संसद भवनाच्या ॲनेक्स इमारतीत जावं लागतं. समित्या अभ्यासदौऱ्यावरही निघतात, तेव्हा एखादी बैठक मुंबईत किंवा दुसऱ्या शहरातही होऊ शकते.

तिथं तुम्ही साक्षीदार असता. बोललेला शब्द न् शब्द टिपला जातो आणि नंतर तुमच्या बोलण्याचा मसुदा दुरुस्तीसाठी तुमच्याकडं येतो. खोटी माहिती देणं हा विशेषाधिकारभंग आहे. जे माहीत नाही ते "आत्ता आकडा नाही, लेखी पाठवतो" म्हणून मोकळं व्हायचं. त्यात कमीपणा नाही, मंत्रालयाचे सचिवही तेच म्हणतात. संबोधन अध्यक्षांना करायचं. सुरुवातीला पाच-सात मिनिटांत शिफारशी सांगून टाका, पार्श्वभूमीत वेळ घालवू नका. मग प्रश्न येतात, आणि ते तुमच्या निवेदनातल्या सगळ्यात कच्च्या आकड्यावर येतात. तो कुठला, हे निघायच्या आधीच ओळखून ठेवा.

९. अहवाल आल्यावर

अहवाल यायला महिने लागतात. मधेच समिती नव्यानं गठित झाली तर विषय पुढं चालू ठेवला जातो किंवा बाजूलाही पडतो. लोकसभा विसर्जित झाली तर सगळंच नव्यानं.

अहवाल दोन्ही सभागृहांत मांडला गेला की संसद डॉट इन वर खुला होतो. सुरुवातीपासून वाचायला जाऊ नका. शिफारशी ठळक अक्षरांत असतात, आधी त्या वाचा. मागच्या पानांवर बैठकांची इतिवृत्तं असतात, एखाद्या सदस्याला शिफारस पटली नसेल तर त्याची मतभेदाची टिपणीही असते. आपलं वाक्य जसंच्या तसं क्वचितच सापडतं. बहुतेक वेळा मुद्दा दुसऱ्याच शब्दांत, दुसऱ्या शहराच्या उदाहरणासकट येतो. आपलं नाव शोधत बसू नये. सोलापूर, सांगली, बेळगाव अशा आपल्या आकाराच्या शहरांतल्या कुणी तोच मुद्दा लिहिला असेल तर उलट तो लवकर उचलला जातो. म्हणून तिथल्या ओळखीच्यांनाही नोटीस निघाल्याचं जरूर कळवा. निवेदन मात्र ज्यानं त्यानं आपलं लिहायचं.

खरं काम यानंतरचं आहे. सरकारची उत्तरं आल्यावर समिती दुसरा अहवाल काढते, कृती अहवाल. त्यात शिफारशींची चार गटांत वाटणी असते: सरकारनं मान्य केलेल्या, उत्तर पाहून समितीनं सोडून दिलेल्या, सरकारचं उत्तर समितीला न पटलेल्या, आणि अंतिम उत्तर न आलेल्या. आपला मुद्दा तिसऱ्या किंवा चौथ्या गटात असेल तर तो अजून जिवंत आहे.

अशा वेळी समितीचं नाव, अहवालाचा क्रमांक, शिफारशीचा परिच्छेद आणि मंत्रालयाचं उत्तर, एवढं एका पानावर उतरवून खासदारांच्या कार्यालयात द्या. त्यावर लोकसभेत प्रश्न विचारता येतो. प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या झाल्या पान पोहोचलं पाहिजे. सोबत प्रश्नाचा मसुदाही द्या, "वरील शिफारशीवर आजपर्यंत कोणती कार्यवाही झाली, तारीखनिहाय" असा. खासदारांचे स्वीय सहायक तो आनंदानं घेतात, त्यांचं निम्मं काम झालेलं असतं.